आघात पाळीव की भटका?

पत्र जेवणाच्या सुट्टीत आलं. राजरत्न ओव्हाळनं नुकताच डबा उघडला होता, भरली वांगी होती, आणि शिपायानं पत्र नेमकं वांग्यांवर धरून सही मागितली. पत्राच्या कोपऱ्यावरचा तेलाचा डाग फायलीत अजून दिसतो.

राजरत्न एका पालिकेच्या आरोग्य विभागात प्रशिक्षण समन्वयक होता. कोणत्या पालिकेच्या, ते इथं सांगत नाही, कारण त्याला तिथं उद्याही जायचं आहे. नोकरी कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी त्याला एक दिवस घरी बसवत आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं घेत, त्यामुळे नऊ वर्षं होऊनही कागदोपत्री तो कायम नवाच असे. नव्या माणसाला मिळते तशी खुर्ची त्याला मिळाली होती, म्हणजे एका हाताची. दुसऱ्या हाताबद्दल त्याचे तीन अर्ज विचाराधीन होते.

पत्राचा विषय होता 'आघात-संवेदनशील व समन्यायी आरोग्यसेवा'. चाळीस कर्मचाऱ्यांना दोन दिवस प्रशिक्षण द्यायचं, मार्चअखेरच्या आत. राजरत्ननं याचा तीन तासांचा ऑनलाइन कोर्स केला होता आणि, खोटं कशाला बोला, तो त्याला मनापासून आवडला होता. दवाखान्यात येणारा माणूस काय सोसून आलाय हे आपल्याला ठाऊक नसतं, तेव्हा विचारपूस करताना त्याची जुनी दुखणी तुडवू नका. आणि बाई असो, बाप्या असो, साहेब असो की झाडूवाली, सगळ्यांना एका मापानं वागवा. सार एवढंच. एवढ्यासाठी तेहेतीस स्लाइड होत्या.

पत्राच्या तळाशी लिहिलं होतं, 'सोबत जोडलेल्या प्रपत्रात प्रत्येक प्रशिक्षणार्थीची माहिती भरून घ्यावी.' सोबत काहीच जोडलेलं नव्हतं. स्टेपलरची दोन भोकं होती, म्हणजे जोडायचा विचार तरी झाला असावा. त्यानं जिल्ह्याच्या कार्यालयाला फोन लावला.

"सर, प्रपत्र नाही मिळालं."

"पाठवलंय की."

"आलं नाही, सर."

"मग तुमच्या स्तरावर तयार करा. फक्त आमच्या नमुन्याबरहुकूम पाहिजे. बदल चालणार नाही."

न पाहिलेल्या नमुन्याबरहुकूम फॉर्म कसा करायचा, हा प्रश्न घेऊन तो हेडक्लार्क नाथाभाऊ भोईरांकडे गेला. नाथाभाऊंनी एकतीस वर्षांच्या नोकरीत एकही नवा कागद जन्माला घातला नव्हता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "नवीन नमुना म्हणजे मंजुरी," ते म्हणाले, "आणि मंजुरी म्हणजे दिवाळी उजाडणार." मग त्यांनी कपाटातून एक फॉर्म काढला. "हा घ्या. गेल्या साली मंजूर झालेला एकच नमुना आहे आपल्याकडे."

तो श्वानदंशाचा होता. कुत्रा चावलेल्या माणसाची माहिती भरायचा.

"नाथाभाऊ, हा कुत्र्याचा आहे."

"कुत्रा तेवढा बदला. माणूस तोच, दवाखाना तोच, जखम झाली हे खरंच. रकान्यांना हात लावू नका, म्हणजे कुणी विचारणार नाही."

याच वेळी पालिकेच्या एका आरोग्य केंद्राच्या डॉक्टर वैदेही आत आल्या. स्वभावानं शांत बाई, पण त्या दिवशी हातात एक तक्रारअर्ज होता. त्यांच्या केंद्रात केसपेपरच्या खिडकीवर गोजरबाई म्हणून एक जुनी आया होती, बावीस वर्षं त्या खिडकीवर. ती पेशंटला विचारायची आणि आत दहा फुटांवर बसलेला ऑपरेटर कॉम्प्युटरवर टाकायचा. मध्ये पंखा. त्यामुळे गोजरबाई जे विचारायची ते ऑपरेटरला ऐकू जायचं, रांगेला ऐकू जायचं, आणि वारा असला तर समोरच्या रिक्षा स्टँडलाही. गेल्या आठवड्यात एक तरुण मुलगी आली होती. गोजरबाईनं विचारलं, "कितवा महिना? नवरा कुठंय?" सगळी रांग वळून पाहायला लागली. मुलगी केसपेपर न घेताच निघून गेली, आणि तिच्या बहिणीनं अर्ज दिला.

"प्रशिक्षणाच्या यादीत तिचं नाव घाला," वैदेही म्हणाल्या. "सुधारली तर ठीक, नाहीतर मला तिला औषधांच्या गोदामात पाठवावं लागेल. रिटायर व्हायला सव्वा वर्ष राहिलंय तिचं. पण मी तरी काय करू?"

राजरत्ननं यादीत चाळिसावं नाव लिहिलं. गोजरबाईला त्यानं खिडकीवर खूप वेळा पाहिलं होतं. त्या बाईला गोदामात कल्पनेनंही बसवता येत नव्हतं. तिथं ओरडून सांगायला कुणीच नव्हतं.

घरी बेलवलीला पोचल्यावर त्यानं हे सगळं बायकोला, मायाला सांगितलं. माया शाळेत शिक्षिका. तिनं न खाल्लेली वांगी परत डब्यातच पाहिली आणि ती म्हणाली, "आघाताचं नंतर बघू. ही पहाटे चारला उठून केली होती." तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे रामभाऊ आले. रामभाऊ अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यातून रिटायर झालेले, सोसायटीचे सेक्रेटरी, आणि बुद्धविहाराच्या भांड्यांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. सल्ला मागायची वाट पाहायची त्यांना सवय नव्हती.

"सुरुवातीला दोन मिनिटं शांतता पाळ," ते म्हणाले.

"ती गेलेल्यांसाठी असते, रामभाऊ."

"मग काय झालं? बसल्या बसल्या गप्प होतील. आमच्याकडं सुरक्षा सप्ताहात चाळीस माणसं गप्प करायला भोंगा वाजवायला लागायचा. आणि चहा चांगला ठेव. माणूस भाषण विसरतो, चहा विसरत नाही."

चहाचं नाव निघताच राजरत्न जरा सरसावून बसला. "चहाचंच सांगणार होतो. केंद्रात साहेबांना कपबशी, नर्सना काचेचे ग्लास आणि बाकीच्यांना कागदी पेला अशी पद्धत आहे. समन्यायावर दोन दिवस बोलायचं आणि चहा तीन मापांत वाटायचा, हे मला चालणार नाही. चाळीस कप हवेत, सगळे एकसारखे. एकही वेगळा नको, एकाचाही कान तुटलेला नको."

"कागदी पेले आण की सगळ्यांना," माया म्हणाली.

"कागदी नको. कपच."

मायानं त्याच्याकडे पाहिलं. घरातसुद्धा कपाला टवका उडाला की हा माणूस तो त्याच दिवशी फेकून देतो, हे ती लग्नापासून पाहत आली होती. रामभाऊ म्हणाले, "विहारात पन्नास स्टीलचे कप आहेत, एका छापाचे. घेऊन जा. मोजून आण म्हणजे झालं." तो प्रश्न मिटला, निदान त्या क्षणी तसं वाटलं.

शनिवारी राजरत्न स्कूटरवरून उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये हरेशकडे गेला. हरेशचं दुकान आठ बाय दहाचं. त्यात लग्नपत्रिका, फ्लेक्स, रबरी शिक्के आणि श्रद्धांजलीचे बोर्ड एकाच मशीनवर निघत, आणि कधी कधी एकमेकांत मिसळत. राजरत्ननं श्वानदंशाचा फॉर्म समोर ठेवला, वर पेन्सिलीनं लिहिलं, 'कुत्रा असेल तिथे आघात करावा', आणि म्हणाला, "बाकी मी प्रूफमध्ये बघून घेईन. तीन रंगांत, तीन प्रती. प्रूफ मात्र पाठवा हं."

"साईं, बेफिकर," हरेश म्हणाला. "प्रूफ के बिना हम श्रद्धांजली भी नहीं छापते."

हरेशनं प्रूफ पाठवलं, यात शंका नाही. रविवारी सकाळी अकराला व्हॉट्सॲपवर आलं. त्या वेळी राजरत्न सोसायटीच्या सभेत होता आणि विषयपत्रिकेवर एकच विषय होता, भटक्या कुत्र्यांना गेटसमोर खायला घालावं की नाही. तळमजल्याचे आणि तिसऱ्या मजल्याचे एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. मतदानाला सगळ्यांनी हात वर करायचे होते. राजरत्ननं एक हात वर केला आणि दुसऱ्या हातानं, प्रूफ न उघडता, हरेशला अंगठा पाठवला. तो अंगठा पुढं त्याला बराच काळ छळणार होता.

प्रशिक्षणाचा दिवस बुधवारचा. केंद्राच्या वरच्या हॉलमध्ये चाळीस लाल प्लास्टिकच्या खुर्च्या गोलात मांडल्या. कोर्समध्ये सांगितलं होतं की सगळ्यांनी एका वर्तुळात, एका प्रकारच्या खुर्च्यांवर बसावं. पण हॉलमध्ये एक टॉवेलची खुर्ची होती. पाठीवर पांढरा टॉवेल घातलेली, साहेबांची. ती काढायला सांगितली तर शिपाई म्हणाला, "काढायची कुणी, सर? आणि टॉवेल कुणी काढायचा?" शेवटी ती वर्तुळातच राहिली. तिच्यावर कुणी बसायला धजेना. वैदेही डॉक्टर उशिरा आल्या त्या स्टूलवर बसल्या. दोन दिवस ती रिकामी खुर्ची सर्वांच्या बरोबरीनं समन्यायाचं प्रशिक्षण घेत होती.

मग चहा आला. कप एका छापाचे होते, चकचकीत होते, कान सगळ्यांचे शाबूत होते. फक्त प्रत्येक कपावर कोरलेलं होतं, 'स्मृतिशेष भिमाबाई यांच्या पुण्यानुमोदनानिमित्त विहारास भेट'. रामभाऊंच्या आईच्या नावानं दिलेले कप ते. चाळीस लोकांनी चहा उचलला, वाचला, आणि हॉलमध्ये भोंगा न वाजवता शांतता पसरली. एका नर्सनं हळूच विचारलं, "सर, या भिमाबाईंना काय झालं होतं?"

"काही नाही," राजरत्न म्हणाला. "वयोमान."

आणखी एक गोष्ट झाली. कपावरचं 'विहारास' वाचल्यावर तीन जणांना आपला उपवास आठवला. बुधवारचा. कोणत्या देवाचा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. तीन भरलेले कप ट्रेमध्ये तसेच राहिले. राजरत्ननं ते पाहिलं आणि तो स्लाइड जोडायच्या खटपटीला लागला. त्याच्या हातून वायर दोनदा निसटली. तेवढ्यात कोपऱ्यातून गोजरबाई उठली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, आवाज नेहमीचा. "कुनाचा हाय रं यो? थंड व्हतोय." तिनं पहिला कप उचलला आणि सगळ्यांसमोर उभ्यानं संपवला. मग दुसरा. मग तिसरा. मग रिकामा कप ट्रेमध्ये ठेवून म्हणाली, "भिमाबाईचा चहा ग्वाड हाय," आणि जागेवर जाऊन बसली.

राजरत्नच्या मनात आलं की स्लाइड क्रमांक चौदा ते एकोणीस आता दाखवायची तशी गरज नाही. त्या त्यानं तरीही दाखवल्या, कारण त्या अहवालात मोजल्या जाणार होत्या.

फॉर्मचं पाकीट त्यानं त्यानंतर फोडलं. पांढरा, पिवळा, गुलाबी, छपाई झकास. त्यानं पहिली ओळ वाचली.

'आघात पाळीव की भटका?'

हरेशच्या ऑपरेटरनं काम चोख केलं होतं. एकही कुत्रा सोडला नव्हता. राजरत्ननं खाली नजर टाकली. 'आघात ओळखीचा की अनोळखी? आघाताला डिवचले होते काय? हाच आघात पूर्वी आणखी कोणास चावला आहे काय? जखम वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली काय? दहा दिवसांनंतर आघात जिवंत आहे काय?' आणि तळाशी पुढच्या भेटींचे चौकोन: तिसरा दिवस, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा. रेबीजच्या सुयांचं वेळापत्रक जसंच्या तसं.

त्यानं हॉलच्या दाराआडून हरेशला फोन लावला.

"साईं, तुमीच लिहिला ना, कुत्रा असेल तिथे आघात," हरेश म्हणाला. "और अंगूठा भी आया आपका. सेव्ह करके रखा है."

राजरत्ननं ठरवलं की पाकीट हळूच पिशवीत घालायचं आणि फॉर्म आलेच नाहीत म्हणून सांगायचं. नऊ वर्षांची अब्रू होती, कंत्राटी असली तरी. तो वळला तोवर नाथाभाऊंनी पत्रकं वाटून टाकली होती. चाळीस माणसं माना खाली घालून वाचत होती. राजरत्न हशाची वाट पाहत भिंतीला टेकून उभा राहिला. नर्सेस हसतील, मग सगळे हसतील, मग ही गोष्ट जिल्ह्याला कळेल, मग त्याला अकरा महिन्यांनी घरी बसवतील आणि दुसऱ्या दिवशी बोलावायचं विसरतील.

कुणी हसलं नाही. पाच मिनिटं झाली. मागच्या बाजूनं एका आशाताईनं हात वर केला.

"सर, दोन असले तर दुसरा फॉर्म मिळेल का?"

राजरत्न भिंतीपासून पुढं आला. तो घाईनं म्हणाला की कुणावरही सक्ती नाही, ज्याला लिहायचं त्यानंच लिहावं, आणि फॉर्म कुणीही पाहणार नाही. नाथाभाऊ म्हणाले, "ऐच्छिक असं कार्यालयात काही नसतं." तरी पेनं चालू झाली होती. एक वॉर्डबॉय 'डिवचले होते काय' यापाशी बराच वेळ थांबला होता आणि शेवटी त्यानं खिडकीबाहेर पाहत 'होय' लिहिलं.

गोजरबाईनं राजरत्नला बोटानं खूण केली. "मना लिवता येत नाय. तुम्ही इचारा, मी सांगते."

तो तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि शक्य तितक्या हळू आवाजात वाचू लागला. या बाईशी हळू बोलण्याची कुणालाच सवय नव्हती, ती दोनदा "काय?" म्हणाली.

"आघात ओळखीचा की अनोळखी?"

"अनोलखी. खिडकीतला मानूस व्हता."

"कुठल्या खिडकीतला?"

मग तिनं सांगितलं. ती तिशीच्या आत होती तेव्हाची गोष्ट. धाकटी मुलगी तापानं फणफणलेली, खांद्यावर. सरकारी दवाखान्याची रांग. खिडकीतल्या माणसानं विचारलं, नवऱ्याचं नाव. गोजरबाईच्या घरात बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. तिनं जन्मात घेतलं नव्हतं. ती गप्प राहिली. माणूस म्हणाला, नाव नाही तर कागद नाही. ती तरी गप्प. मग त्याला मजा वाटायला लागली. तो म्हणाला, उखाणा घे, मग देतो. रांग हसली. पाठीमागच्या बायकाही म्हणाल्या, घे गं, घे. आणि तापलेलं पोर खांद्यावर घेऊन तिनं उखाणा घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कागद मिळाला.

"पोरगी बरी झाली," ती म्हणाली. "दोन पोरांची आई हाय आता. उखाना काय गेला नाय."

राजरत्ननं उखाणा कोणता होता ते विचारलं नाही. त्यानं पुढचा प्रश्न वाचला. "आघाताला डिवचले होते काय?"

"नाय. मी नुसती उभी व्हती."

"पाळीव की भटका?"

ती थोडा वेळ हातातल्या बांगड्या फिरवत राहिली. "आला तवा भटका. मंग मीच पाललाय की इतकी वर्सं. खिडकीवर बसली तवा ठरवलं, हसायला कुनाला टाइमच ठेवायचा नाय. मोठ्यानं इचारायचं, झटपट, पुढचा. कुनी ताटकलत उभं राहायचं नाय."

"दहा दिवसांनंतर जिवंत आहे काय?"

"लिवा, हाय." मग तिनं विचारलं, "ती पोरगी. मोठ्यानं इचारलं म्हनून गेली ना? तिलापन लोक बघत व्हते ना?"

"हो."

गोजरबाई नंतर त्या दिवशी काही बोलली नाही, आणि ही गोष्ट केंद्रात सगळ्यांच्या लक्षात आली.

संध्याकाळी राजरत्ननं नऊ वर्षांत पहिल्यांदा एक धाडस केलं. तिन्ही प्रती ज्याच्या त्याच्या हातात परत दिल्या. जिल्ह्याला नावांशिवाय नुसती बेरीज पाठवली: पाळीव तेवीस, भटके नऊ, सांगू इच्छित नाहीत आठ, जिवंत एकतीस. "मग फायलीत मी लावू काय?" नाथाभाऊ कळवळून म्हणाले. त्यांनी शेवटी पुठ्ठ्याची रिकामी फाईल केली, तिच्यावर 'आघात' लिहिलं आणि ती कपाटात ठेवून कुलूप लावलं.

जिल्ह्याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. राजरत्न ते वाचायच्या आधी पाणी प्यायला. त्यात दोन मुद्दे होते. एक, भटक्या नऊ आघातांबाबत पालिकेनं कोणती उपाययोजना केली. दोन, प्रशिक्षणानंतर चार भेटींचं वेळापत्रक आखण्याची कल्पना अत्यंत स्तुत्य असून समन्वयकांनी प्रत्येक प्रशिक्षणार्थीस तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी समक्ष भेटून अहवाल द्यावा. चाळीस माणसं, चार भेटी. राजरत्ननं गुणाकार केला आणि मायाला फोन करून सांगितलं की महिनाभर डबा नको, बसून खायला मिळणार नाही. "अंगठा जपून दाखवत जा," माया म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तो गोजरबाईच्या खिडकीवर गेला तेव्हा खिडकी दिसेना. रांगेतली माणसं तोंडं आत खुपसून उभी होती. गोजरबाई कुजबुजत होती. इतकं हळू, की पेशंटला ऐकू येत नव्हतं आणि ऑपरेटरला तर मुळीच नाही. तो बिचारा काय करणार? ज्याचं ऐकू येईना त्याच्यापुढं तो 'ताप' टाकत होता. राजरत्ननं तिला थोडं मोठ्यानं बोलायला सांगितलं. "तेच तर सोडायला सांगितलंत," ती कुजबुजली.

सातव्या दिवशी केंद्रावर जिल्ह्याची जीप उभी. आठवडाभरात तापाचे एकशे चौदा रुग्ण नोंदले गेले होते, गुडघे घेऊन आलेले आजोबा आणि दाढ घेऊन आलेली बाई धरून, आणि साथीची चौकशी करायला पथक आलं होतं. दोघांनी गटारं तपासली, एकानं डासांच्या अळ्या बाटलीत भरल्या. वैदेही डॉक्टरांनी राजरत्नला बाजूला घेतलं. आवाज शांत होता, त्यामुळे जास्तच लागला.

"ओव्हाळ, ओरडत होती तेव्हा निदान एकाच मुलीची तक्रार होती. आता माझ्या केंद्रात साथ आहे. अठ्ठाविसाव्या दिवशी मला शेरा लिहायचाय. गोदामात जागा करून ठेवायला सांगितलीय मी."

राजरत्ननं ऑपरेटरचं टेबल खिडकीशी आणायचं सुचवलं. वायर पुरत नव्हती. वायर वाढवायची तर विद्युत विभाग, आणि विद्युत विभाग म्हणजे दिवाळी. तो खिडकीपाशी जाऊन गोजरबाईला म्हणाला, "बाई, मला काही सुचत नाही. मी तेहेतीस स्लाइड पुन्हा बघितल्या. खिडकीचं त्यात काहीच नाही."

"खिडकी माजी हाय," ती म्हणाली. "मी बघते."

चौदाव्या दिवशी रांग सरळ होती आणि भराभर सरकत होती. गोजरबाईचा आवाज पूर्वीसारखाच खणखणीत होता. "नाव? वय? जा आत. पुढचा." बस्स. काय होतंय ते ती विचारतच नव्हती. नवऱ्याचं नाव तर नाहीच.

"तक्रारीचा रकाना?" राजरत्ननं विचारलं.

"कोरा. दुखतंय काय ते डाक्टरनीला सांगा, दार लावून. मना कशाला?"

कोरा रकाना कॉम्प्युटर घेत नव्हता, म्हणून ऑपरेटर यादीतला शेवटचा शब्द दाबत होता, 'इतर'. नाथाभाऊंनी हरकत घेतली, की बावीस वर्षं तक्रार खिडकीवरच विचारली जाते. वैदेही डॉक्टरांनी विचारलं, असा नियम कुठं आहे. नाथाभाऊंनी दोन दिवस कपाटं धुंडाळली. नियम नव्हता. कुणीतरी कधीतरी विचारायला लागलं होतं, एवढंच. जिल्ह्यावरून मात्र फोन आला, की हा 'इतर' नावाचा आजार तुमच्याकडं एवढा कसा पसरला.

अठ्ठाविसाव्या दिवशी राजरत्न लवकरच पोचला. रात्री त्याला नीट झोप लागली नव्हती, हे त्यानं मायालाही सांगितलं नव्हतं. वैदेही डॉक्टर खिडकीच्या आतल्या बाजूला भेटींचा अहवाल घेऊन उभ्या होत्या आणि पेन उघडत होत्या.

"काल ती मुलगी आली होती," त्या म्हणाल्या. "अर्जवाली."

राजरत्ननं गोजरबाईकडे पाहिलं. "काय विचारलंत तिला?"

"नाव. वय." गोजरबाईनं खांदे उडवले. "तिनं मना वलखलं. परत जायला लागली. मंग मी म्हटलं, बाय, जा आत, पंख्याखाली बस. बसली."

वैदेहींनी शेरा लिहिला. एकच ओळ, 'सदर कर्मचारी खिडकीवरच आवश्यक.' सही केली, गोल शिक्का मारला आणि त्या पेशंट बघायला गेल्या. राजरत्ननं आपल्या यादीत शेवटची खूण केली. एकशे साठावी भेट संपली होती. तो पिशवी उचलून निघाला.

"थांबा," गोजरबाई म्हणाली. तिनं खणातून एक कोरा फॉर्म काढला, पांढरा, पिवळा, गुलाबी, तिन्ही प्रती एकत्र. त्या दिवशीचा उरलेला. "चाळीस मान्सांचं इचारलंत. तुमचा कुनी भरला?"

"माझं काय, मी समन्वयक आहे."

"लिवा तुम्ही. मी इचारते. मना पाठ हाय सगला." तिनं रांगेला हातानं थांबवलं, खिडकीचं एक दार ओढून घेतलं, आणि बावीस वर्षांत कुणी ऐकला नसेल अशा आवाजात, ना मोठ्या ना कुजबुजत्या, तिनं विचारलं, "वलखीचा, का अनोलखी?"

राजरत्ननं पेन उघडलं. विषय हसण्यावारी न्यायचं त्याच्या मनात होतं. पण तो म्हणाला, "ओळखीचे होते. पहिली नोकरी, एका तालुक्याच्या कार्यालयात. चहा सगळ्यांना कपात यायचा. माझा कप वेगळा, कान तुटलेला. खिडकीच्या गजाआड पालथा ठेवलेला असायचा. मीच धुवायचा, मीच ठेवायचा. चार वर्षं."

"डिवचलं व्हतं?"

"नाही. मी नुसता काम करत होतो."

गोजरबाईनं मान हलवली. तिनं भिमाबाईच्या नावाचे तीन कप संपवले होते, आणि ती का उठली होती हे त्याला आता सांगायची गरज नव्हती. "जिता हाय?"

त्यानं त्या रकान्यात 'आहे' लिहिलं. अक्षर जरा तिरकं आलं. बायकोलासुद्धा न सांगितलेली गोष्ट त्यानं केसपेपरच्या खिडकीवर सांगितली होती, आणि रांगेत कुणालाही ऐकू गेली नव्हती.

गोजरबाईनं फॉर्मवर केंद्राचा शिक्का मारला, घडी घातली आणि तिन्ही प्रती त्याच्याच हातात दिल्या. मग तिनं खिडकीचं दार उघडलं.

"तिसऱ्या दिवशी या," ती म्हणाली. "मी हाय हितंच. पुढचा."